सातबारा देऊ नका, पण हमीला कर्जमाफीही समजू नका

प्रश्न : मी वसमत तालुक्यातल्या एका गावात राहते. बारावीपर्यंत शिकले आहे. घरी छोटा पल्व्हरायझर लावून हळद पावडर करते आणि नांदेड-परभणीच्या किराणा दुकानांना देते. गेल्या हंगामात मागणी इतकी आली की माल पुरला नाही. आता पॉलिशचा ढोल, मोठा पल्व्हरायझर आणि पॅकिंग मशीन घेऊन काम वाढवायचं आहे. सगळा खर्च ११ लाख. दीड लाख माझ्याकडे आहेत, साडेनऊ लाख कर्ज हवं. शाखेत गेले तर साहेब म्हणाले, सासऱ्यांचा सातबारा आणा आणि दोन नोकरदार जामीनदार आणा. मी सरकारी हमीचं विचारलं तर म्हणाले, ते आमच्याकडे चालत नाही. बाहेर एक जण भेटला. तो म्हणतो, ‘सीजीटी’ मंजूर करून देतो, २५ हजार लागतील, निम्मे आधी. दीर म्हणतात, सरकारची हमी असेल तर बिनधास्त घ्या, नाही फिटलं तर सरकार भरतं. मामंजी तीन एकरांवर सही करायला घाबरतात आणि मलाही त्यांना ‘करा’ म्हणवत नाही. खरं काय धरायचं? आणि धंदा बसला तर आमचं काय होईल?

— एक वाचक भगिनी, जि. हिंगोली

ताई,

तुमच्या पत्रात तीन माणसं तुम्हाला तीन गोष्टी सांगतायत आणि तिघांचंही चुकतंय. शाखेतल्या साहेबांचं, त्या बाहेरच्या माणसाचं आणि तुमच्या दिरांचंही. बरोबर वागताहेत ते तुमचे सासरे. त्यांनी सही करू नये. तशी गरजच नाही.

आधी ही हमी आहे काय, ते सांगते. केंद्र सरकार आणि सिडबी (लघु उद्योगांसाठीची विकास बँक) या दोघांनी मिळून २००० साली एक न्यास उभा केला, सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचा पतहमी निधी. त्याच्या इंग्रजी नावाच्या अक्षरांवरून सगळे त्याला सीजीटीएमएसई म्हणतात, बँकेत बोलताना नुसतं सीजीटी. काम असं चालतं : बँक तुम्हाला काही तारण न घेता, बाहेरचा जामीनदार न घेता कर्ज देते. मग बँक स्वतः त्या न्यासाकडे ते कर्ज नोंदवते आणि दरसाल ठरावीक शुल्क भरते. कर्ज थकलं आणि बुडीत निघालं, तर बँकेच्या नुकसानीतला मोठा हिस्सा न्यास बँकेला भरून देतो. सूक्ष्म उद्योगाचं ५ लाखांपर्यंतचं कर्ज असेल तर ८५ टक्के, त्यावर साधारण ७५ टक्के. उद्योग बाईच्या मालकीचा असेल तर हेच प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जातं. १ एप्रिल २०२५ पासून एका कर्जदाराला १० कोटींपर्यंत हमी मिळू शकते, म्हणजे तुमचे साडेनऊ लाख या योजनेत अगदी लहान रक्कम आहे.

यात तुम्ही न्यासाकडे अर्ज करायचाच नसतो. तशी सोयच नाही. अर्ज बँकेकडे, आणि हमीची नोंद बँक करते, तिच्या स्वतःच्या लॉगिनमधून. म्हणून तो बाहेरचा माणूस जे ‘मंजूर करून’ देणार आहे, ते त्याच्या हातात नाहीच. २५ हजार कशाचे, हे त्याला विचारलंत तर तो ‘वर द्यावे लागतात’ म्हणेल. आता खरं शुल्क बघा. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला हमीचा मूळ दर वर्षाला ०.३७ टक्के आहे. साडेनऊ लाखांवर ते होतात ३,५१५ रुपये, वर जीएसटी. बाईच्या उद्योगाला शुल्कात १० टक्के सवलत आहे. त्या त्या बँकेची थकबाकी जास्त असेल तर दर थोडा वाढतो, पण तरी हिशोब काही हजारांच्या घरातच राहतो. हे पैसे बँक बहुधा तुमच्या कर्जखात्याला नावे टाकते. रोख कुणाच्या हातात द्यायचे नसतात, आणि कर्ज मंजूर व्हायच्या आधी तर नाहीच नाही. त्या माणसाला अजून काही दिलं नसेल तर देऊ नका. आधार, पॅन किंवा सही केलेले कोरे कागद त्याच्याकडे गेले असतील तर ते आजच परत आणा. मला पैशापेक्षा त्या कोऱ्या सह्यांची भीती जास्त वाटते.

आता साहेबांचं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना किमान १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकांनी तारण घ्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. ही शिफारस नाही, बंधन आहे. तुमची मागणी साडेनऊ लाखांची, म्हणजे सासऱ्यांचा सातबारा मागणंच मुळात नियमाला धरून नाही. बँक काय घेऊ शकते? कर्जातून जे येईल ते : ढोल, पल्व्हरायझर, पॅकिंग मशीन, शेडमधली हळकुंडं आणि तयार पावडर. हे सगळं बँकेकडे नजरगहाण राहतं. माल आणि यंत्र तुमच्या ताब्यात, हक्क बँकेचा. शिवाय व्यवसायाची मालक म्हणून तुमची स्वतःची सही. एवढंच. दोन नोकरदार जामीनदार हे हमी योजनेत बसतच नाहीत. बाहेरचा जामीनदार घेतला की ते कर्ज हमीला पात्र राहत नाही.

साहेब तरी असं का म्हणतात? त्यांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. कर्ज थकलं की पहिला जाब शाखाधिकाऱ्याला द्यावा लागतो. हमी असली तरी न्यासाकडून पैसे लगेच येत नाहीत. कागदात कमतरता राहिली, जागेची पाहणी केली नाही, सिबिल (कर्जफेडीची जुनी नोंद) तपासलं नाही, तर बँकेचा दावा नाकारला जातो, आणि मग बोट पुन्हा त्याच अधिकाऱ्याकडे. मराठवाड्यातल्या शाखांमध्ये पीककर्जाच्या थकबाकीचा अनुभव मोठा आहे, त्यामुळे नवा अधिकारी इथे आला की पहिल्या महिन्यातच सातबाऱ्याशिवाय बोलू नये, हे शिकतो. त्याची अडचण खरी आहे. पण ती तुमच्या सासऱ्यांच्या तीन एकरांनी सोडवायची नाही. ती सोडवण्यासाठीच सरकारने हा निधी ठेवलाय.

आणि ‘आमच्याकडे चालत नाही’ हे उत्तर मान्य करू नका. राष्ट्रीयीकृत बँका या योजनेत आहेत, खासगी बँका आहेत, ग्रामीण बँकाही आहेत. शिवाय तुमच्या रकमेला दुसरी वाटही आहे. ८ एप्रिल २०१५ ला सुरू झालेल्या मुद्रा योजनेतलं ‘तरुण’ कर्ज ५ ते १० लाखांचं असतं. तेही विनातारण, आणि त्याला सरकारच्याच वेगळ्या निधीची हमी मिळते. कुठल्या निधीकडे नोंद करायची ते बँकेने ठरवावं. तुमचा आग्रह एकच : तारण नाही, जामीनदार नाही.

आता दिरांचं म्हणणं. हे जरा सावकाश वाचा आणि त्यांनाही वाचून दाखवा, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं.

आपल्याकडे २०१७ साली कर्जमाफी झाली, २०१९ साली पुन्हा झाली. थकलेलं पीककर्ज सरकारने भरलं, शेतकऱ्याचं खातं कोरं झालं. ते योग्यच होतं, पाऊस नाही तर शेतकरी काय करणार. पण त्यातून घराघरांत एक समजूत बसली की सरकारचं नाव आलं म्हणजे शेवटी सरकार भरतंच. हमी तशी नाही. हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही. शेजाऱ्याने आपल्या कोठाराचा विमा काढला म्हणून त्याच्याकडून उसनं आणलेलं पोतं आपल्याला माफ होत नाही.

प्रत्यक्षात काय होतं, ते आकड्यात सांगते. समजा दोन-अडीच वर्षांनी काम थांबलं आणि ६ लाख बाकी राहिले. हप्ता ९० दिवस थकला की खातं अनुत्पादक ठरतं. हमी लागू झाल्यापासून किंवा शेवटची रक्कम उचलल्यापासून १८ महिने उलटल्याशिवाय बँकेला दावा करता येत नाही. तो काळ संपल्यावर बँक न्यासाकडे दावा करते. तुमच्या खात्यावर ९० टक्के हमी असेल तर ५ लाख ४० हजार. त्यातले पाऊण हिस्सा, म्हणजे ४ लाख ५ हजार, पहिल्या टप्प्यात बँकेला मिळतात. उरलेले वसुलीची कारवाई पूर्ण झाल्यावर. आणि या सगळ्यात तुमच्या नावावरचे ६ लाख एका रुपयानेही कमी होत नाहीत. व्याज चढत राहतं. वसुली बँकच करते आणि जे वसूल होईल त्यातून न्यासाचा वाटा न्यासाला परत देते. मशीन उचललं जाऊ शकतं, दिवाणी दावा लागू शकतो, लोकअदालतीची नोटीस येऊ शकते. सिबिलवर शिक्का बसतो तो वेगळाच. मग पुढे तुमच्या मुलांच्या शिक्षणासाठी तुम्ही सहकर्जदार म्हणून सही करायला गेलात तरी तो आडवा येतो.

तुम्ही विचारलंत, धंदा बसला तर आमचं काय होईल. ‘आमचं’ म्हणजे कुणाचं, हे इथे वेगळं करायला हवं. कर्ज तुमच्या नावावर, मालकी तुमची, म्हणून जबाबदारी तुमची. कोर्टाचा हुकूमनामा झाला तर जप्ती तुमच्या नावावरच्या मालमत्तेवर येऊ शकते. सासऱ्यांनी कुठेही सही केली नसेल, ना जामीनदार म्हणून, ना सहकर्जदार म्हणून, ना गहाणखतावर, तर त्यांच्या नावावरच्या तीन एकरांना या कर्जापायी कुणी हात लावू शकत नाही. पण एकदा का सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा चढला की तुमच्या शेवटच्या हप्त्याचं कागदपत्र येईपर्यंत तो उतरत नाही. पीककर्जाचं नूतनीकरण अडतं, भावांच्या वाटण्या अडतात, विहिरीला, ठिबकला कर्ज हवं तरी अडतं. घरातल्या एका माणसाच्या धंद्याची जोखीम सगळ्या घराच्या जमिनीवर टाकू नये, म्हणून तर विनातारण कर्ज. तुम्हाला मामंजींना सही मागवत नाही, हे तुमचं मन अगदी योग्य सांगतंय.

थोडक्यात दिरांना सांगायचं असेल तर असं सांगा : हमी नसती तर बँकेने दारात उभं केलं नसतं. हमी आहे म्हणून दार उघडेल. फेडायचं आहे ते पै न पै आपल्यालाच.

म्हणून आता बँकेच्या आधी स्वतःचा हिशोब करू. ११ लाखांत यंत्रं आणि शेड किती, आणि हळद विकत घ्यायला किती, हे तुम्ही लिहिलं नाही. मी अंदाज धरते : यंत्रं साडेसात लाख, खेळतं भांडवल साडेतीन लाख. तुमचे दीड लाख यंत्रांत गेले तर मुदत कर्ज ६ लाख आणि कॅश क्रेडिट, म्हणजे मर्यादेच्या आत लागेल तसं उचलायचं आणि भरायचं खातं, साडेतीन लाख. हे दोन वेगळे ठेवा. नवखे लोक सगळी रक्कम मुदत कर्जात घेतात. मग मशीन येतं, पण हळद घ्यायला हातात पैसा नसतो, आणि व्यापाऱ्याकडून उधारीवर माल घेतला की भाव तो सांगेल तो. वसमतच्या बाजारात हळद फेब्रुवारी-मार्चपासून यायला लागते आणि जूनपर्यंत आवक जोरात असते. त्या दिवसांत ज्याच्या हातात रोख त्याचा माल. तुमची विक्री मात्र वर्षभर थोडी थोडी. या धंद्याची खरी ओढाताण ही आहे, आणि हमी योजनेत मुदत कर्ज आणि कॅश क्रेडिट दोन्ही बसतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

११ टक्के व्याज आणि पाच वर्षं धरली तर ६ लाखांचा हप्ता महिन्याला साधारण १३ हजार. कॅश क्रेडिट पूर्ण वापरलं तर त्याचं व्याज वर्षाला ३८,५००, म्हणजे महिन्याला ३,२०० च्या आसपास. एकूण सव्वासोळा हजार. दर महिन्याला, पाऊस पडो न पडो, श्रावण असो की लग्नसराई. आता तुमची वही काढा. वीज, मजुरी, पिशव्या, गाडीभाडं, दुकानदारांची बुडालेली उधारी हे सगळं वजा करून गेल्या वर्षी महिन्याला हातात किती राहिलं? काम दुप्पट झालं तरी नफा दुप्पट होईल असं धरू नका. आकडा २५ हजारांच्या वर दिसत असेल तर पुढे जा. सोळा-सतरावरच अडत असेल तर यंत्रांतलं एखादं पुढच्या वर्षावर टाका. पॅकिंग मशीन थांबू शकतं. पिशव्या हाताने सील करणाऱ्या दोन बायका गावात मिळतील आणि त्यांनाही काम मिळेल. ढोल आणि पल्व्हरायझर थांबू शकत नाहीत.

कॅश क्रेडिटची मर्यादा ठरवताना बँक सहसा वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या किमान २० टक्के धरते. साडेतीन लाख हवे असतील तर साडेसतरा लाखांची उलाढाल प्रकल्प अहवालात दिसायला हवी, आणि ती कशी होणार हे पटवून देता यायला हवं. नांदेडचे किती दुकानदार, महिन्याला किती किलो, कोणत्या भावाने. नुसतं ‘हळदीला मागणी आहे’ लिहून भागत नाही. आणि अहवाल कुणाकडून लिहून घेतला तरी आकडे तुमच्या तोंडी असू द्या. साहेबांनी विचारल्यावर तुम्ही न अडखळता सांगितलंत की निम्मं काम तिथेच होतं. वसमतला हळद संशोधन केंद्र आहे, हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. हे अहवालात एका ओळीत लिहा, पण कर्ज त्यावर मिळत नाही. कर्ज मिळतं तुमच्या दुकानदारांच्या यादीवर.

कागदांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे लघु उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, हवीच. ती सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते आणि फुकट असते. सेवा केंद्रवाला स्वतःच्या मेहनतीचे शंभर-दोनशे घेईल, पण ‘उद्यम प्रमाणपत्राची फी’ म्हणून दोन-तीन हजार मागणारी खोटी संकेतस्थळं आहेत, त्यांच्यापासून सावध. अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी आधीच असेल अशी आशा करते. नसेल तर कर्जाआधी ती. यंत्रांची जीएसटीसह दरपत्रकं दोन वेगळ्या ठिकाणची. बँकेचा वर्षभराचा उतारा, आणि त्यात विक्रीचे पैसे दिसले पाहिजेत. आजवर दुकानदार रोख देत असतील तर आजपासून सगळं मोबाइलवरून खात्यात घ्यायला लागा, अगदी दोनशे रुपयेसुद्धा. थ्री फेज वीज जोडणी शेडपर्यंत आहे का, नसेल तर महावितरणकडे अर्ज केल्याची पावती. महाराष्ट्रातच विकत असाल आणि उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. निजामाबादकडे माल पाठवायचा झाला तर मात्र लागेल, कारण राज्य ओलांडलं की मर्यादेची सूट संपते.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या शाखेने तुम्हाला सांगायला हवी होती. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना २०२० मध्ये आली आणि तिच्यात हिंगोलीचं ठरलेलं पीक हळदच आहे. पात्र भांडवली खर्चावर ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. खेळत्या भांडवलावर नाही. तुमच्या साडेसात लाखांवर ते २ लाख ६२ हजार ५०० होतात. तालुका कृषी कार्यालयात जाऊन यंदा अर्ज घेतायत का ते विचारा. तिथे मदतीला नेमलेली जिल्हा संसाधन व्यक्ती असते, आणि तिचं मानधन सरकार देतं, तुम्ही नाही. पण अनुदान हातात येत नाही, हे आधीच डोक्यात ठेवा. ते बँकेत तुमच्या कर्जाशी जोडून तीन वर्षं राखून ठेवलं जातं आणि खातं नियमित राहिलं तरच कर्जात वळतं. म्हणून अनुदान धरून हप्त्याचा हिशोब मांडू नका. तो वर मांडलाय तसाच, अनुदानाविना जमला पाहिजे. अनुदानासाठी कर्ज काढलेली आणि मग अडकलेली घरं मी आपल्याच भागात पाहिली आहेत. ढोल गंजत शेडमध्ये उभा असतो आणि घरचा माणूस पुण्याला कंपनीत गेलेला असतो.

आता शाखेत परत कसं जायचं. तोंडी विचारायला जाऊ नका. लेखी अर्ज न्या, दोन प्रती. अर्जात रक्कम, कामाचं स्वरूप, उद्यम क्रमांक, आणि एक वाक्य स्पष्ट लिहा : ‘हे कर्ज १० लाखांच्या आतील असून सूक्ष्म उद्योगासाठी आहे, त्यामुळे विनातारण आणि पतहमी योजनेखाली मिळावे.’ एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि सहीची पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, किंवा सरकारच्या जनसमर्थ या कर्जअर्जांच्या पोर्टलवरून करा, म्हणजे तारीख आपोआप राहते. पोच का, तर लघु उद्योगांच्या २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि नाही म्हटलं तर कारण लेखी द्यावं लागतं. पोच नसेल तर दिवस कधीपासून मोजायचे?

जाताना नवऱ्याला सोबत न्या, हरकत नाही, पण बोला तुम्ही. मालक तुम्ही आहात. बाईला बाजूला बसवून नवऱ्याशी बोलण्याची सवय अजून अनेक ठिकाणी आहे. त्यांनी नवऱ्याला प्रश्न विचारला तरी उत्तर तुम्हीच द्या.

साहेबांशी भांडायचं नाही. म्हणा, ‘साहेब, तुम्हाला काय पाहायचंय ते सांगा, मी दाखवते. शेड दाखवते, वही दाखवते, दुकानदारांचे नंबर देते. सातबारा मात्र या कर्जाला नाही.’ पाहणीला बोलवा. अधिकारी एकदा गावात येऊन तुमचा चालू पल्व्हरायझर, पोत्यांची थप्पी आणि वही बघून गेला की त्याची निम्मी भीती जाते.

तरीही नाहीच झालं तर आधी त्याच बँकेच्या विभागीय कार्यालयाकडे लेखी तक्रार. सोबत जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाला आणि जिल्हा उद्योग केंद्राला प्रत द्या. या दोघांच्या एका फोनने बरंच काम हलतं. बँकेकडून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार ऑनलाइन करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर विचारपूस करता येते. पण तक्रारीत ‘मला कर्ज दिलं नाही’ असं लिहिलंत तर ती फेटाळली जाईल, कारण कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय आहे आणि लोकपाल त्यात पडत नाही. लिहायचं ते असं : पोच दिली नाही, मुदतीत निर्णय कळवला नाही, नकाराचं कारण लेखी दिलं नाही, १० लाखांच्या आत असून तारण मागितलं. यातली जी खरी असतील ती, तारखांसह. मधल्या काळात दुसऱ्या बँकेत अर्ज करायलाही कुणाची मनाई नाही. फक्त एका महिन्यात चार-पाच ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद सिबिलमध्ये होते.

मंजुरी आली की मंजुरीपत्र घरी आणून वाचा, मगच सह्या. मराठीत समजावून मागा. तीन ठिकाणी बोट ठेवून बघा. एक, ‘तारण’ या रकान्यात यंत्रं आणि माल याशिवाय काही लिहिलंय का. दोन, हमीदार म्हणून कुणाचं नाव घुसलंय का. कधीकधी तोंडी ‘नाही’ म्हणतात आणि छापील नमुन्यात सासऱ्यांच्या नावाची जागा तयारच असते. तीन, पहिला हप्ता कधीपासून. यंत्रं बसून पावडर बाजारात जायला चार-सहा महिने लागतात, तेवढी हप्त्याला सवलत मागा. ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. हमीशुल्काची रक्कमही पत्रात लिहिलेली असावी. कर्जासोबत विमा पॉलिसी घ्याच म्हणाले तर यंत्रं आणि मालाचा विमा घ्या, तो तुमच्या हिताचा आहे. आयुर्विम्याची मोठी पॉलिसी गळ्यात मारत असतील तर ती कर्जाची अट नाही, हे नम्रपणे सांगा.

कर्ज मिळाल्यावर एखादा महिना अवघड गेला तर शाखेत तोंड चुकवू नका. पहिला हप्ता चुकायच्या आधी जाऊन सांगा. थकीत झालेल्या खात्यापेक्षा अडचणीत असलेल्या खात्याचे हप्ते पुन्हा आखून देणं बँकेला फार सोपं असतं. आपल्याकडे लाजेपोटी लोक उलट करतात. बँक टाळतात, हप्ता भरायला सावकाराकडून तीन टक्के महिन्याने आणतात, आणि मग ती दुसरी गाठ पहिलीपेक्षा घट्ट बसते. तेवढं मात्र कधी करू नका, ताई.

वेळेचं गणित असं आहे. नवी हळद बाजारात यायच्या आधी कॅश क्रेडिट हातात हवं, म्हणजे जानेवारीअखेर मंजुरी हवी. यंत्रं यायला, बसवायला, वीज जोडायला दोन महिने धरा. म्हणजे दिवाळी झाली की लगेच अर्ज पडला पाहिजे. तोवर उद्यम, एफएसएसएआय आणि दरपत्रकं उरकून घ्या. वही मात्र आजच काढा, आणि हिशोब मांडून झाला की मला कळवा. महिन्याचा आकडा काय येतो त्यावर साडेनऊ घ्यायचे की सात, हे आपण पुन्हा बोलू.